हक्क कसा कळतो : प्रस्तावना

भाषा कशी शिकली जाते याचा विचार करताना मीमांसकांनी एक साधे उदाहरण घेतले आहे. आणि ते इतके साधे आहे की पाठशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या ते घोकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यात दडलेल्या अडचणीचा विसर पडावा, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. घरातील वडील माणूस दुसऱ्या एका प्रौढ माणसाला ‘गाय आण’ असे सांगतो. तो उठतो आणि गाय घेऊन येतो. जवळच बसलेले, अद्याप एकही शब्द न कळणारे मूल हे पाहत असते. थोड्या वेळाने ‘गाय बांध’ अशी आज्ञा होते, मग ‘घोडा आण’ अशी होते, आणि कोणता शब्द आला व कोणता गेला असता पुढच्या क्रियेत काय पालट होतो हे ताडत ताडत ते मूल गायीला घोड्यापासून आणि आणण्याला बांधण्यापासून निराळे करते. या रीतीस त्यांनी वृद्धव्यवहार असे नाव दिले, आणि शब्दांच्या या घालण्या-काढण्यास आवापोद्वाप. शब्द सुटा असतानाच अर्थ सांगतो की वाक्यात गुंफला गेल्यावर सांगतो, यावरून प्राभाकर आणि भाट्ट या दोन संप्रदायांत पुढे जी झुंज लागली तिच्यात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु मुलाला अर्थ कळतो तो दोन माणसांच्या परस्परांतील व्यवहाराकडे पाहून कळतो, याविषयी त्या दोघांतही तंटा नव्हता, एवढे आपल्या कामापुरते ध्यानात ठेवावे.

अडचण अशी की, गाय आणता येते, न्याय आणता येत नाही. घोडा दावणीला बांधता येतो; अब्रू, पत, धर्म, हक्क यांना दावण नाही, खूर नाही, शेपूट नाही. वडिलांनी ‘हक्क आण’ म्हटले तर मधल्या माणसाने उठून जावे कोठे आणि आणावे काय? आणि त्याने काहीच आणले नाही तर कोपऱ्यात बसलेल्या मुलाने पाहावे काय? तरीही मोठेपणी त्याच मुलाला हक्क कळतो. इतका कळतो की तो बुडाला तर अन्न गोड लागत नाही आणि त्याच्यासाठी दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या जातात. न दिसणारी ही वस्तू त्याला दाखवली कोणी?

या प्रश्नाला पश्चिमेकडील पंडितांनी दिलेली उत्तरे वाचकाने अवश्य पाहावीत. लेव्ह विगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचे विचार आणि भाषा यांवरील पुस्तक त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, १९३४ साली, बाहेर आले. मनुष्याच्या मनातील उच्च व्यापार आधी माणसामाणसांमध्ये घडतात आणि मागाहून एकेकाच्या अंतरंगात उतरतात, हा त्याच्या विवेचनाचा गाभा. विट्‌गेन्श्टाइनचे उत्तरकालीन चिंतनही, जे त्याच्या पश्चात १९५३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, शब्दाचा अर्थ त्याच्या उपयोगात शोधावा असेच सुचविते. पण या दोघांची उदाहरणे त्यांच्या मुलुखांतली, आणि अमूर्त कल्पनेविषयी अमूर्त भाषेत बोलत राहण्याचा दोष तर या विषयावरील बहुतेक लेखनाला जडलेलाच आहे. तेव्हा एकच कल्पना घ्यावी, ती ज्या मातीत रुळली त्या मातीतले कागद, माणसे व भांडणे उलगडावीत, आणि तिच्या आधारे मूळ प्रश्नाला हात घालावा, असा मार्ग मी पत्करला आहे. ती कल्पना म्हणजे हक्क, आणि ती माती मुख्यतः महाराष्ट्रातील.

हीच कल्पना का, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, तिच्याविषयी आपल्याकडे जेवढा कागद शिल्लक आहे तेवढा दया, सौंदर्य किंवा मोक्ष यांविषयी नाही, आणि जो आहे तो तत्त्वज्ञांनी लिहिलेला नसून भांडणाऱ्यांनी लिहिलेला आहे. शिवाय ही कल्पना रुजली होती किती खोल, तेही पाहावे. दरबारातील फारसी-अरबी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आणण्यासाठी शिवछत्रपतींनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला; पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला; दरबारची भाषा पुष्कळ अंशी पालटली. परंतु वतन, हक्क, जामीन, फिर्याद हे शब्द गावकऱ्याच्या तोंडून हलले नाहीत. दरबारात शब्द आज्ञेने बदलतो; ज्या शब्दाभोवती गावाच्या शे-दोनशे वर्षांच्या क्रिया गुंफलेल्या असतात त्याला उपटायचे तर त्या क्रियाच उपटाव्या लागतात.

त्या क्रिया कोणत्या? जुन्या वतनपत्रांत पाटीलकीच्या हक्कांबरोबर मानपानांची जी याद येते ती वाचताना आजच्या वाचकाला हसू आवरत नाही. होळीला पोळी कोणी आधी टाकावी, पोळ्याच्या दिवशी कोणाचे बैल वेशीतून आधी निघावेत, वाजंत्री कोणाच्या दारी आधी जावी, टिळा कोणाला आधी लागावा आणि विडा कोणाच्या हाती आधी पडावा, हे सारे तेथे जमिनीच्या बिघ्यांइतक्याच गंभीरपणे नमूद केलेले असते. आणि या ‘आधी’च्या पायी डोकी फुटली, गावे दुभंगली, सरदारांपर्यंत फिर्यादी गेल्या. इतिहासाच्या काही अभ्यासकांनी या तंट्यांची संभावना पोकळ मानाची भांडणे अशी केली आहे. मला ते पटत नाही. पोळ्याच्या संध्याकाळी वेशीवर, मारुतीच्या पाराशी, बापाच्या खांद्यावर बसलेले जे पोर पाहते की शिंगांना बेगड लावलेली एक विशिष्ट जोडी येईपर्यंत साऱ्या गावाची जनावरे खोळंबली आहेत, त्या पोराला मीमांसकांचा तो धडाच मिळत असतो. येथेही कोणी तरी बैल आणतो आहे. पण जे शिकले जाते आहे ते बैलाचे नाव नव्हे. पुढल्या साली दुसऱ्याच घराण्याची जोडी पुढे आली आणि काठ्या निघाल्या की त्याला दुसरा धडा मिळतो, तो असा की, ही पहिली जागा बैलाच्या बळाने मिळत नाही, ती कोणाची तरी असते. अशा रीतीने जमाव, क्रम आणि भांडण या तिघांनी मिळून न दिसणाऱ्या वस्तूला दिसणारे अंग दिले. मानपान गेले तर पोटाला तोटा नव्हता हे खरे. परंतु ज्याचा मान गेला त्याचा हक्कही पाठोपाठ जाणार, हे वतनदारांनी अचूक ओळखले होते, कारण लोकांना हक्क दिसत होता तो मानातच.

तंटा विकोपाला गेला म्हणजे गोत बसे. गोतसभा ही संस्था पुष्कळांना ऐकून माहीत असते, पण डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात (१९५३) तिचे जे साक्षेपी वर्णन केले आहे ते पाहिले असता, आपण ज्याला न्यायदान म्हणतो त्याच्याहून ती किती निराळी होती हे कळते. दिवाण, म्हणजे सरकारी अंमलदार, आणि गोत, म्हणजे देशमुख, देशपांडे, आसपासच्या गावचे पाटील-कुलकर्णी, शेटे, महाजन आणि बलुतेदार, असे मिळून बसत. आधी फिर्याद आणणारा तो अग्रवादी, त्याला उत्तर देणारा तो पश्चिमवादी. दोघांकडून प्रथम राजीनामा घेतला जाई; आज या शब्दाने नोकरी सोडली जाते, त्या काळी त्या कागदाने दोन्ही वादी सभेचा निर्णय मान्य करण्यास आधीच राजी होत. मग वर्तणुकीचा जामीन, मग दोघांच्या तकरिरी, म्हणजे आपापली बाजू सविस्तर लिहून देणे, आणि मग साक्षी.

साक्षीचा देखावा जवळून पाहण्यासारखा आहे. साक्षीदाराला नदीवर स्नान घालीत, ओलेत्याने देवळात उभे करीत, त्याच्या हाती बेलभंडार देत, आणि त्याला बजावीत की, तुझे बेचाळीस पूर्वज या घटकेला अंतराळी लोंबकळत तुझ्या जिभेकडे पाहत आहेत; खरे बोललास तर ते वर जातील, खोटे बोललास तर खाली पडतील. ‘बेचाळीस पिढ्यांचा उद्धार’ आज आपण भांडणात करतो, तो त्या देवळात अक्षरशः टांगणीला लागलेला असे. आता हा साक्षीदार सांगे काय? अमक्या जमिनीचा हक्क अमक्याचा, असा निष्कर्ष तो सहसा सांगत नसे. मी लहानपणी याच्या आज्याला पोळी टाकताना पाहिले; दुष्काळात हे घराणे परागंदा झाले तेव्हा गुमास्तगिरी त्याच्या भाऊबंदाने केली; परत आल्यावर शिरपाव याच घराण्याला मिळाला; अशी तो पाहिलेली कृत्ये सांगे. दहा-वीस म्हाताऱ्यांनी अशी आपापली पाहणी सभेपुढे ओतली म्हणजे त्यांच्या बेरजेतून हक्क उभा राही. सभेने तो शोधून काढला असे म्हणण्यापेक्षा सभेने तो आठवला, असे म्हणणे मला अधिक सयुक्तिक वाटते. आणि आठवणे हे काम एकट्याचे नसल्यामुळेच एवढी माणसे जमवावी लागत.

त्यानंतर महजर लिहिला जाई. त्यात जमलेल्यांची नावे लिहीत, आणि ज्यांना अक्षर येत नसे ते आपल्या धंद्याची निशाणी करीत: कुणबी नांगर काढी, वाणी तराजू काढी, न्हावी आरसा काढी. जुन्या महजराच्या शेवटी शाईने काढलेल्या या चिमुकल्या आकृत्यांची दाटी पाहिली की कागदाच्या तळाशी सारे गाव हत्यारे खाली ठेवून बसले आहे असे वाटते. येथवरचा विधी तरी समजण्यास सुलभ आहे. पण सर्वांत मार्मिक कागद माझ्या मते तो नव्हे. निकालानंतर हरलेल्या पक्षाकडून यजितपत्र घेत. वतनाशी आपला संबंध नाही, आपण खोटे ठरलो, असे त्याने आपल्या हाताने जिंकणाऱ्याला लिहून द्यावयाचे असे. जिंकणारा सरकारात हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी भरी, ही पैशांची बाब झाली. परंतु विरोधकाच्या मुखातून उच्चार झाल्यावाचून हक्क पुरा होत नाही ही जी समजूत त्या कागदात आहे ती केवळ व्यावहारिक धूर्तपणाची नाही. माझा हक्क म्हणजे तू मान्य केलेली गोष्ट, हे गावाला कोणी शिकविले नव्हते. गाव तसे वागत होते.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मोह आपल्याकडे पुष्कळांना झाला आहे, आणि त्याला बळी पडण्याची माझी तयारी नाही. साक्षी जुळल्या नाहीत की दिव्य होई. तापलेल्या तेलातुपातून धातूचा रवा हाताने काढावयाचा. मग त्या हाताला पिशवी घालून तिच्यावर मोहोर करावयाची आणि दोन-तीन दिवसांनी सर्वांदेखत ती उघडून हात पाहावयाचा, असला तो अघोर प्रकार. त्यातही पिशवीवर मोहोर हवी, उघडणे सर्वांदेखत हवे, हा आग्रह सुटत नाही, म्हणजे देवाचा कौलसुद्धा गोताने पाहिल्याशिवाय कौल ठरत नाही, एवढे नोंदवून पुढे जातो.

इंग्रजी अंमल आला. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखासंबंधी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला त्यात पंचायतीचे दोष दाखवूनही ती टिकवावी असा त्याचा कल होता. १८२७ मध्ये मुंबई इलाख्यासाठी त्याच्या नावाने ओळखली जाणारी कायद्यांची संहिता आली, दिवाणी कोर्टे बसली, आणि पंचायत मागे पडत गेली. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि सनद दाखवा असा सवाल दारोदार गेला. ज्यांचा हक्क गावाच्या आठवणीत शाबूत होता पण पेटीतला कागद वाळवीने खाल्ला होता, त्यांना आपण आजवर चुकीच्या जागी विश्वास ठेवला असे वाटू लागले. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (१९१५) या घालमेलीची चित्रे ठायी ठायी आहेत. ग्रामजोशाच्या हक्काची गोष्ट तर ऐकण्यासारखी. लग्नाला यजमानाने दुसराच भिक्षुक बोलावला तरी वतनदार जोशी आपली दक्षिणा मागे आणि ती न मिळाली तर कोर्टात जाई. आणि सत्यशोधक समाजाने १८७३ पासून ब्राह्मण भिक्षुकावाचून विवाह लावण्यास आरंभ केल्यावर या दाव्यांना वेगळीच धार चढली. न केलेल्या कामाचा मोबदला मागणाऱ्या त्या जोशीबुवांची टर उडवणे सोपे आहे, पण त्यांच्या मनातील हक्क हा कामाचा मोबदला नव्हताच. तो पोळ्याच्या बैलासारखा जागेचा मान होता. दोन्ही पक्ष एकच शब्द वापरीत होते, दोघांनी तो निरनिराळ्या पाठशाळांत शिकला होता, आणि न्यायाधीश तर तिसऱ्याच.

येथवर हक्क या कल्पनेत एक गोष्ट गृहीत धरली होती, ती आता उघड केली पाहिजे. गोताने आठवलेला हक्क हा गोताला जो आठवावासा वाटला तेवढाच असतो. महाराच्या उदाहरणाने हे जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशाने होत नाही. गावच्या शिवेचा तंटा पडला की महाराचा शब्द प्रमाण मानीत, कारण शीव त्याच्या पायाखालची. ज्याने चावडीच्या पायरीखाली दूर उभे राहावे त्याच्या सांगण्यावरून शेकडो बिघे इकडचे तिकडे होत. आणि त्याचे स्वतःचे हक्क? बेदरच्या बादशहाने अमृतनाकाच्या इमानावर प्रसन्न होऊन महारांना बावन्न हक्क दिले, ही कथा महारवाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. मेलेल्या जनावराचे कातडे, प्रेतावरचे वस्त्र असल्या वस्तू त्या यादीत येतात. ही कथा ऐतिहासिक कसोटीला उतरो वा न उतरो, ती सांगण्याची गरज का पडली हे उघड आहे. ज्यांच्या नावाची सनद कोणी जपली नाही, ज्यांच्यासाठी महजर भरला नाही, त्यांनी आपला महजर गोष्टीच्या रूपाने तोंडी चालू ठेवला. परंतु ज्या हक्काने माणूस रात्री-अपरात्री पाटलाच्या हाकेला बांधला जातो आणि मोबदल्यात भाकरतुकड्याची याचना करतो, तो हक्क की वेठ, हा प्रश्न त्या कल्पनेच्या आतून सुटणारा नव्हता. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच गाठीवर बोट ठेवण्यासाठी. त्या वेळी ते संमत झाले नाही. मुंबई राज्यातील कनिष्ठ गाववतने अखेर १९५८ च्या कायद्याने नाहीशी झाली.

हक्क माणसाला जन्मतः असतात, जागेमुळे वा वतनामुळे नव्हेत, ही कल्पना आपल्याकडे ग्रंथांतूनही आली. थॉमस पेनच्या ग्रंथाचे वाचन जोतीराव फुल्यांनी तरुण वयात केले होते आणि त्याचा त्यांच्यावर गाढ परिणाम झाला. पण ग्रंथातून आलेली कल्पना गावात उतरावयाची तर तिलाही कोणी तरी, कोठे तरी, सर्वांदेखत करून दाखवावयास हवी होती. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला: सार्वजनिक पैशाने बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या प्रारंभी आपल्या अखत्यारीतील स्थळांविषयी तसाच ठराव केला. कागद झाला, हक्क झाला नाही. तीन वर्षे तेथील चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांच्या ओठाला लागले नाही, आणि त्याबद्दल कोणाला कोणती आज्ञा मोडल्यासारखेही वाटले नाही, कारण ठरावाच्या शब्दांना जोडलेली एकही क्रिया कोणी पाहिलेली नव्हती.

२० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेचा जमाव गावच्या रस्त्यांतून रांगेने तळ्यावर गेला, डॉ. आंबेडकर पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. मागोमाग इतरांनी घेतले. तहान भागविण्यासाठी तेथे कोणी गेले नव्हते हे स्वतः आंबेडकरांनी पुढे स्पष्ट केले आहे. या घटनेकडे मी या पुस्तकाच्या दृष्टीने पाहतो तेव्हा मला त्यात वृद्धव्यवहाराची सर्व अंगे दिसतात: शब्द उच्चारला गेला, क्रिया झाली, आणि ती पाहणारे होते. पाहणाऱ्यांपैकी एका पक्षाला तो धडा इतका लख्ख कळला की त्याने त्याच दिवशी परतणाऱ्यांवर हल्ले केले आणि मग पंचगव्याच्या घागरी ओतून तळे शुद्ध करून घेतले. शुद्धीकरणाचा हा विधी करणाऱ्यांना कल्पनाही नसेल, परंतु त्यांच्या हातून एक प्रकारचे यजितपत्रच लिहिले गेले. पाणी घेतले जाण्याने काहीही घडले नसते तर पुसून काढावयाचे होते काय?

त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव फिरवला. डिसेंबरात स्पृश्यांच्या वतीने दिवाणी दावा दाखल होऊन १४ तारखेला तात्पुरता मनाईहुकूम मिळाला, आणि दुसऱ्या परिषदेसाठी जमलेल्या हजारोंना आंबेडकरांनी तो न मोडण्यास राजी केले. मला या दाव्याचे विशेष अगत्य वाटते ते यासाठी की, तेथे महजरांतील जुना शब्द, वहिवाट, पुन्हा उभा राहिला. तळे फक्त स्पृश्यांनी वापरावे अशी अनादि काळापासूनची वहिवाट आहे, असे वादींचे म्हणणे. गोतसभा असती तर दहा म्हाताऱ्यांनी बेलभंडार उचलून हेच आठवले असते आणि निशाण्यांनी कागदाचा तळ भरला असता. येथे मात्र विचारले गेले की, ती अनादि आहे हे कशावरून, आणि नगरपालिकेच्या पूर्वी दुसऱ्याला अडविण्याचा अधिकार कोणाकडे व कोणत्या आधाराने होता? खालच्या कोर्टांतून दावा वर गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे त्या ओंजळीनंतर दहा वर्षांनी, वहिवाट शाबीत होत नाही म्हणून वादींचे अपील फेटाळले. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांच्या या निकालाची भाषा शांत, जवळजवळ रुक्ष आहे. तीत मनुष्यत्वाचा उद्‌घोष नाही. निकाल लागला तो पुराव्याच्या मुद्द्यावर. थोर कल्पनांचे विजय अशा रुक्ष वाटांनी झालेले पाहून काही वाचक हिरमुसतील, पण माझ्या मते ज्याला ती कल्पना हवी आहे त्याने हा रुक्षपणा अंगवळणी पाडून घ्यावा हे बरे.

आता शेवटच्या प्रकरणाच्या विषयाकडे वळतो, कारण तो इतिहासजमा झालेला नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, केंद्राने २००५ मध्ये. तिचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अधिक विस्ताराने सांगितला. व्याख्येत आता संदिग्धता उरलेली नाही. तरी दुय्यम निबंधकाच्या कोणत्याही तालुक्याच्या कचेरीत एक सकाळ बाकावर काढावी आणि हक्कसोडपत्राच्या नोंदणीसाठी आलेली कुटुंबे पाहावीत. असाच एकदा एका कचेरीत बसलो असता, साठीच्या घरातील एक बाई दोन धाकट्या भावांबरोबर आल्या. एका भावाच्या हातात नवी साडी असलेली पिशवी होती. छायाचित्र निघाले, अंगठ्याचा ठसा यंत्रावर घेतला गेला, आणि सही करण्यापूर्वी बाईंनी विचारले, ‘‘ही कशाची रे सही?’’ थोरला म्हणाला, ‘‘काही नाही आक्का, दादांची जमीन आमच्या नावावर करायची हाय.’’ बाई थांबल्या. ‘‘म्हंजी आत्तापत्तूर माझं बी नाव हुतं व्हय त्यात?’’

भावाने उत्तर दिले नाही. आत निबंधकांनी रीतीप्रमाणे विचारले की, दस्त तुम्हाला मान्य आहे ना, राजीखुशीने लिहून देता ना. बाई भावाकडे पाहून म्हणाल्या, ‘‘त्येच म्हणत्यात तर…’’ निबंधक बाई वयाने तरुण होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘मावशी, त्यांना नाही, मी तुम्हाला विचारतेय.’’ मग मान्य असल्याचे सांगून सही झाली. कायदा होऊन वर्षे लोटली होती, सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव चढून महिने झाले होते, आणि त्या बाईंना आपला हक्क प्रथम कळला तो तो सोडण्याच्या कागदावर. माझ्या पाहण्यात अशा स्त्रिया थोड्या नाहीत. माहेर तुटेल हे भय त्यांना फार आधी, फार तपशिलाने, अनेक जणींच्या अनुभवांतून शिकविलेले असते. वाटा मागणाऱ्या बहिणीला रक्षाबंधनाला दार कसे उघडले जात नाही हे त्यांनी पाहिलेले असते. वाटा घेऊनही माहेरी सन्मानाने जाणारी बहीण मात्र त्यांच्या गावात बहुधा कोणी पाहिलेली नसते. जेथे ती आहे अशी काही घरे मी शोधली आणि त्यांच्याविषयीच त्या प्रकरणात लिहिले आहे.

पुस्तकाच्या रचनेसंबंधी दोन शब्द. महजर, तकरिरी व यजितपत्रे यांतून जे घेतले आहे ते आजच्या मराठीत माझ्या शब्दांत सांगितले आहे. मूळ कागद वाचू इच्छिणाऱ्यांनी राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांकडे आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या प्रकाशनांकडे वळावे. मोडीची सवय असेल तर दप्तरखान्यातच जावे. प्रकरणांचा क्रम कालानुसार आहे, पण तो पाळलाच पाहिजे असे नाही. ज्यांना पेशवाईतील तंट्यांचा कंटाळा आहे त्यांनी थेट महाडपासून वाचावे, आणि ज्यांच्या घरात सध्या वाटणीचे बोलणे चालू असेल त्यांनी शेवटचे प्रकरण आधी वाचले तरी माझी हरकत नाही.